नानांची पद्मिनी आणि न खणलेला खड्डा: एक प्रकरण अभ्यास

मी इंदूरमध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून काम करते. माणसाला जी कामे रोज करायची आहेत किंवा करावीशी वाटतात, ती त्याच्या आजच्या शरीराला झेपतील अशी कशी बसवायची, हे बघणे म्हणजे माझे काम. बहुतेक वेळा विषय आंघोळ, जिने, स्वयंपाक असे असतात. हे प्रकरण एका मोटारीचे आहे. कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि निर्णय जसेच्या तसे ठेवले आहेत.

हे लिहावेसे वाटले त्याचे कारण असे, की कंबर, गुडघे आणि हात यांच्याकडे बघता बघता आम्ही सगळेच एका इंद्रियाकडे बघायचे विसरलो. त्या विसरण्यातून एक धोकादायक निर्णय अगदी कुदळ पडायच्या टप्प्यापर्यंत आला होता, आणि त्या निर्णयाला माझीही संमती होती.

पार्श्वभूमी

नाना तेव्हा ७४ वर्षांचे होते. बालपण इंदूरच्या रामबाग भागात गेले, नोकरी पिथमपूरच्या एका कारखान्यात यंत्रदुरुस्ती विभागात झाली. घरी त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू. मुलगा-सून पुण्यात, मुलगी इंदूरमध्येच शहराच्या दुसऱ्या टोकाला. मुलीचा मुलगा सोळा वर्षांचा. तो नानांना आबा म्हणतो आणि सुट्टी लागली की इकडेच असतो.

१९८६ मध्ये नानांनी प्रीमियर पद्मिनी घेतली. फिकट निळी, १०८९ सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टीअरिंगलगत. मूळची ही इटालियन फियाट ११००. मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ती बनायची आणि पद्मिनी हे नाव तिला १९७४ पासून मिळाले. गाडी घेतल्यापासून नानांनी ती कधी दुसऱ्याच्या हाती सोपवली नाही. ठिणगीची वेळ ठरवणारे पॉइंट सेट करणे, व्हॉल्व्हची फट राखणारे टॅपेट बसवणे, ब्रेकची हवा काढणे, कार्बोरेटर उघडून जेट साफ करणे, पाट्यांना ग्रीस लावणे हे सगळे घरच्या गॅरेजमध्ये, रविवारी सकाळी पोहे खाऊन झाले की सुरू व्हायचे. क्लच प्लेट त्यांनी चार वेळा स्वतः बदलली आहे, आणि चारही तारखा गॅरेजच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेल्या आहेत.

इंदुरात मोटारींचे वेड जुनेच. यशवंतराव होळकर दुसरे यांनी तीसच्या दशकात अमेरिकेची ड्यूसेनबर्ग मागवली होती आणि तिची बॉडी इंग्लंडमध्ये बांधून घेतली होती. नाना ती गोष्ट मोठ्या प्रेमाने सांगतात. पण त्यांचे स्वतःचे प्रेम श्रीमंती गाड्यांवर नाही. दहा-अकराचा, बारा-तेराचा पाना, एक पेचकस, एक पक्कड आणि बारीक फट मोजायचे एक फिलर गेज एवढ्यावर उघडता येते आणि पुन्हा जोडता येते, अशा यंत्रावर आहे. काकूंना इथल्या सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाला घेऊन जायचे ते याच गाडीतून.

अडचण कशी समोर आली

जानेवारी २०२४ मध्ये नाना गाडीखालून बाहेर येऊन उभे राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडले. कपाळाला खोक पडली. हृदयासाठी ते रक्त पातळ ठेवणारी गोळी घेतात, त्यामुळे रक्त लवकर थांबेना. काकू घाबरल्या. मुलीने दवाखान्यात नेले, चार टाके पडले. रात्री पुण्याहून मुलाचा फोन आला: ‘बाबा, आता पुरे. गाडी विकून टाकू.’

नाना काही बोलले नाहीत. दोन दिवस गॅरेजचे शटर वर गेले नाही. काकू मला नंतर म्हणाल्या, ‘ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं गं. गप्प बसले ना, तेव्हा मी घाबरले.’

मुलीने मला बोलावले ते फेब्रुवारीत. तिचा प्रश्न साधा होता: बाबांनी गाडीवर काम करावे की करू नये?

पहिली भेट

पहिल्या भेटीत मी दीड तास गॅरेजमध्ये बसले आणि नानांना नेहमीचे काम करायला सांगितले. मला दिसले ते असे.

चक्कर येण्याचे कारण लवकर सापडले. आडवे असताना त्यांचा वरचा रक्तदाब १३८ होता, उभे राहिल्यावर मिनिटाभरात ११२. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब वीस किंवा त्याहून अधिक उतरला तर ती दखल घेण्याची गोष्ट असते. डिसेंबरमध्ये त्यांना प्रोस्टेटसाठी एक नवी गोळी सुरू झाली होती. या गटातल्या गोळ्या रक्तवाहिन्याही सैल करतात, आणि रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू होतीच. त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्यांच्या वेळा बदलल्या, एकीची मात्रा कमी केली. तीन आठवड्यांत उतार निम्म्यावर आला. म्हणजे ज्या अपघातावरून गाडी विकायची गोष्ट निघाली, त्याचा गाडीशी संबंध फारच थोडा होता. हे मी मुलाला फोनवर सविस्तर सांगितले. वय झाले, आता सोडा, असे म्हणण्याआधी गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतून बघावी, असे माझे आग्रहाचे मत आहे.

बाकीच्या गोष्टी मात्र खरोखर वयाच्या होत्या. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात. घट्ट नट सोडवताना पाना हातातून निसटायचा. पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी साधारण एक-दोन टक्क्यांनी घटत जातात आणि ताकद त्याहून वेगाने, त्यामुळे चाळिशीत एका हिसक्यात सुटणारा नट आता सुटत नाही, यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पण नाना तो हिसका अजूनही चाळिशीच्या हिशेबाने देत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात होती. भिंग पिवळसर होत जाते तसे निळे आणि काळे, निळे आणि हिरवे यांतला फरक मावळतो. दिव्याच्या दोन वायरी त्यांनी माझ्यासमोर उलट धरल्या. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि नाना तर चाळीस वॅटच्या पिवळ्या बल्बखाली काम करत होते.

आणि गाडी उचलण्याची पद्धत. जॅक, आणि जॅकच्या आधाराला दोन विटा. वीट दाब सहन करते पण सांगून फुटत नाही. पद्मिनीचे वजन नऊशे किलोच्या आसपास आहे. मी त्या दिवशी एवढेच ठामपणे सांगितले की गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या आणि चाकांना दोन्हीकडून दगड, याशिवाय कुणीही खाली जायचे नाही. नाना म्हणाले, ‘अडतीस वर्षं विटाच लावतोय.’ मी म्हटले, ‘नाना, विटा तुमच्यापेक्षा लवकर म्हाताऱ्या होतात.’ ते बराच वेळ विटांकडे बघत राहिले आणि घोड्या आणायला कबूल झाले. सियागंज बाजारातून त्याच आठवड्यात आणल्या.

माझ्या प्रश्नावलीत डोळे होते, कान होते, तोल, पकड, गुडघे, औषधे, झोप, सगळे होते. वास येतो का, हा प्रश्न नव्हता.

कोणते पर्याय होते

मुलाचा पर्याय गाडी विकण्याचा. जुन्या पद्मिनीला आता हौशी गिऱ्हाईक मिळते, एकाने फोनवर बरी किंमतही सांगितली होती. काकूंचा याला विरोध होता, आणि तो गाडीच्या प्रेमापोटी नव्हता. निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने नाना कसे होते ते त्यांनी पाहिले होते. ‘गाडी गेली तर घरातला माणूस जाईल’ असे त्या म्हणाल्या. काळजी करणारी लेकरे शेकडो मैलांवरून बोलतात तेव्हा त्यांना धोका दिसतो. घरात राहणाऱ्या माणसाला धोका आणि रिकामपण दोन्ही दिसते. मी काकूंचे म्हणणे वैद्यकीय कागदाइतकेच महत्त्वाचे मानले.

दुसरा पर्याय, सगळे काम बाहेर देण्याचा. पण आजच्या वर्कशॉपमध्ये कार्बोरेटर आणि पॉइंटवाल्या गाडीला हात लावणारी माणसे कमी उरली आहेत. कोपऱ्यावरचा तरुण मिस्त्री मनाने चांगला, हाताने चपळ. पण त्याचे शिक्षण स्कॅनर लावून दोष वाचणाऱ्या गाड्यांवर झालेले. पद्मिनीचे टायमिंग त्याने एकदा बिघडवले होते आणि नाना ते विसरले नव्हते.

तिसरा पर्याय मुलीने काढला: गॅरेजमध्ये खड्डा खणायचा. गाडी वर उभी राहील, नाना पायऱ्या उतरून खड्ड्यात उभे राहतील, हात वर करून काम करतील. आडवे पडणे नको, जॅक नको, घोड्या नको, उठताना चक्कर नको. मुलालाही हा पर्याय पटला. पैसे मी देतो म्हणाला. पंधरवड्यापूर्वी गाडी विका म्हणणारा मुलगा खड्ड्याचे पैसे देतो म्हणाला, याचा नानांना फार आनंद झाला. घरात एकदम वातावरण बदलले.

मीही या पर्यायाच्या बाजूने मत दिले. नुसते दिले नाही, त्यावर मनापासून मेहनत केली. चार फूट खोली, अडीच फूट रुंदी, सहा-सहा इंचांच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा, तळाला न घसरणारी फरशी, बाजूने एलईडी दिवे, कडेला पिवळा पट्टा. कागदावर नकाशा काढून दिला. गवंड्याने गॅरेजच्या जमिनीवर चुन्याने आखणी केली. रंगपंचमी झाली की कामाला सुरुवात, असे ठरले.

रंगपंचमीचा दुसरा दिवस

त्या वर्षी रंगपंचमी ३० मार्चला आली. नातू राजवाड्याची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, बघायला आला होता आणि मुक्कामाला राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना गॅरेजमध्ये होते. ऊन आत येऊ नये म्हणून शटर कमरेपर्यंत ओढलेले. गवंडी आला की महिनाभर गाडी बाहेर उभी राहणार, म्हणून तिचा कार्बोरेटर आधीच साफ करून ठेवावा असा त्यांचा विचार. पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प बॉनेटला अडकवलेला.

नातू शटरखालून वाकून आत आला आणि दचकून म्हणाला, ‘आबा, केवढा पेट्रोलचा वास मारतोय इथे!’

नाना म्हणाले, ‘कार्बोरेटर उघडलाय रे, थोडा येणारच.’

हे वाक्य मी नंतर दोघांकडूनही ऐकले, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मर्म त्यात आहे. नानांनी उत्तर नाकाने दिले नव्हते, अनुभवाने दिले होते. कार्बोरेटर उघडला की वास येतो हे त्यांना माहीत होते, म्हणून तो येत असणार असे त्यांनी धरून चालले. वास किती आहे, नेहमीचा आहे की जास्त, हे सांगणारी गोष्ट त्यांच्याकडे उरलीच नव्हती, आणि ती उरली नाही हेही त्यांना माहीत नव्हते.

पोराने शहाणपणा केला. शटर पूर्ण वर केले, हँडलॅम्पच्या बटणाला हात न लावता ओसरीतला मेन स्विच बंद केला, आबांना हाताला धरून अंगणात आणले. मग खाली वाकून पाहिले तर गाडीखाली ताटाएवढा ओला डाग होता. टाकीकडून येणारी लोखंडी नळी जिथे इंजिनाच्या पंपाजवळ संपते, तिथून पुढे रबरी नळीचा वीतभर तुकडा असतो. त्या रबराला बारीक भेगा पडल्या होत्या आणि थेंब थेंब गळत होते.

कारण उमजण्यासारखे होते. पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले आहे. जून २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि फेब्रुवारी २०२३ पासून वीस टक्क्यांचे पेट्रोल काही पंपांवर मिळू लागले. जुन्या गाड्यांमधले जुन्या प्रकारचे रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते, मग चिरते. नानांना हे ठाऊक होते. नळी बदलायच्या यादीतही होती. पण त्यांचा भरवसा असा होता की गळायला लागली तर वास येईलच.

डब्यांची परीक्षा

मुलीने संध्याकाळी मला फोन केला तेव्हा ती गळक्या नळीबद्दल सांगत होती. मी विचारले, ‘नानांना वास आला नाही?’ ती गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही जेवणाच्या टेबलावर बसलो. काकूंनी सहा डबे आणले: कॉफी, दालचिनी, बडीशेप, संत्र्याची साल, चंदनाचा साबण आणि हिंग. नानांनी डोळे मिटले. बाम किंवा पुदिन्याचे तेल मी मुद्दाम घेतले नव्हते, कारण त्यांची झणझण नाकातल्या वेगळ्या नसेला कळते, आणि वास गेलेला माणूसही ‘येतोय की’ म्हणतो. सहापैकी नानांनी एक ओळखले, बडीशेप, तेही अंदाजाने. हिंगाचा डबा नाकाशी धरल्यावर म्हणाले, ‘हा रिकामा आहे.’

काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. मग त्या एकेक सांगू लागल्या. दिवाळीत दूध उतू जाऊन करपले, हे बाजूच्या खोलीत पेपर वाचत होते, उठलेही नाहीत; त्यांना वाटले ऐकू आले नाही. पोह्यांवर जीरावन मसाला चिमूटभर घालणारा माणूस वर्षभरापासून चमचाभर घालतो. त्यांना वाटले जीभ चटावली. ‘फोडणीचं कौतुक करायचं सोडलं, तर मला वाटलं, माझ्याच हाताची चव गेली,’ त्या म्हणाल्या. हे त्या इतक्या महिन्यांत कुणाजवळ बोलल्या नव्हत्या.

साठीनंतर वास मंदावणे पुष्कळांना होते. पण ते हळूहळू होते, दुखत नाही, चष्म्यासारखे काही लावावे लागत नाही, म्हणून ज्याचे जाते त्यालाच कळत नाही. गाडी चालवण्याच्या परवान्यासाठीही वय वाढल्यावर वैद्यकीय दाखला लागतो, त्यात डोळे आणि कान बघतात. नाक कुणी बघत नाही. आणि हौशी मिस्त्रीचे निम्मे निदान नाकानेच चाललेले असते. गळणारे पेट्रोल, जळणारी क्लच प्लेट, वितळणारे वायरचे आवरण, एक्झॉस्टवर ठिबकणारे ऑइल, सगळे डोळ्यांना दिसण्याआधी नाकाला कळते.

मी खड्ड्याबद्दल बोलायला सुरुवात करणार होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती पाण्यासारखी खाली उतरते आणि खोलगट जागी साचून राहते. हवेत दीड टक्क्याच्या आसपास मिसळली तरी ठिणगीने पेटते. चार फूट खोल खड्डा म्हणजे त्या वाफेचे भांडे, आणि मी त्या भांड्याला सुंदर पायऱ्या आखून दिल्या होत्या. पण मला बोलावे लागले नाही. नानांनी सगळे आयुष्य कारखान्यात काढले आहे. त्यांनी डोळे उघडले, डब्यांकडे पाहिले आणि मुलीला म्हणाले, ‘गवंड्याला फोन लाव. मीच बोलतो.’

कोणते काम कुणाचे

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी पॉलिप किंवा सायनसचा त्रास नाही याची खात्री केली. वास जाणे हे कधी कधी कंपवातासारख्या आजाराचे आरंभीचे लक्षण असते, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांनाही दाखवले. तसे काही आढळले नाही. वासाचा सराव करायला सांगितला: गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, दिवसातून दोनदा, काही महिने. थोडा फायदा होऊ शकतो, भरवसा ठेवू नका, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

त्यानंतर आम्ही जे केले ते मला अजूनही या प्रकरणातले सर्वांत उपयोगी काम वाटते. नानांनी गाडीची सगळी कामे मोठ्या कागदावर लिहिली. नेहमी अशी यादी जड काम, हलके काम अशी विभागतात. आम्ही प्रत्येक कामासमोर लिहिले की ते शरीराच्या कोणत्या गोष्टीवर चालते.

पॉइंटची फट मोजणे हे दिसते डोळ्यांचे काम, पण खरे तर बोटांचे आहे. फिलर गेजची पाती किती ओढ घेऊन सरकते ते बोटाला कळते, आणि नानांच्या बोटांना ते अजून उत्तम कळत होते. म्हणून ते काम त्यांच्याकडेच. टॅपेटचा आवाज कानाचा. उंच पट्टीचे आवाज त्यांना कमी येतात, पण लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की कळते, आणि शंका आली तर नातवाला विचारायचे. वायरिंग डोळ्यांचे, तिथे रंगावर विसंबायचेच नाही, प्रत्येक वायरीला कापडी टेप लावून आकडा लिहायचा. घट्ट नट सोडवणे ताकदीचे. लांब दांड्याचा पाना, मुठीवर सायकलच्या हँडलचे रबर, आणि त्यानेही सुटला नाही तर तो मिस्त्रीचा. गाडीखालचे काम सगळेच मिस्त्रीचे, आणि तेही घोड्यांवर.

पेट्रोलचे काम नाकाचे. तिथे नानांनी स्वतः नियम केला: गाडी अंगणात काढल्याशिवाय आणि वास येणारा दुसरा माणूस शेजारी असल्याशिवाय पेट्रोलच्या नळीला, पंपाला किंवा कार्बोरेटरला हात लावायचा नाही. कार्बोरेटर काढून, रिकामा करून, वाळवून टेबलावर आणला की मग कितीही वेळ खुशाल बसावे. कमरेएवढ्या उंचीचे टेबल आणि टेकू असलेले स्टूल करून घेतले. डिस्ट्रिब्युटर, स्टार्टर, कार्बोरेटर असे जे गाडीतून सुटे करता येते ते टेबलावर येते. पिवळा बल्ब गेला, डोक्याला बांधायचा एलईडी दिवा आला. पातळ झालेल्या कातडीसाठी नायट्राइलचे हातमोजे. शटरजवळ कोरड्या पावडरचा अग्निशामक. रबरी नळ्या सगळ्या इथेनॉल चालणाऱ्या लावल्या, आणि बदलल्याची तारीख भिंतीवर, क्लचच्या तारखांखाली.

घरातही एक गोष्ट लक्षात आली. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळतात. काकू मुलीकडे जातात तेव्हा नाना एकटे चहा करतात. गॅस गळतीचा भोंगा बसवला, आणि काम झाले की सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, हा नियम.

मिस्त्रीशी बोलणी नानांनीच केली. आधी थोडे अवघडले. तो मुलगा म्हणाला, ‘नानाजी, नीचे का काम मैं कर दूंगा, आप मुझे पॉइंट सेट करना सिखा दो.’ पैशांचा हिशेब अजून तसाच चालतो: मजुरी पूर्ण, शिकवणी फुकट. रविवारी तो येतो तेव्हा काकू तीन जणांचे पोहे टाकतात.

वर्षभरानंतर

मार्च २०२५ मध्ये मी पुन्हा गेले. गाडी चालू स्थितीत, नाना एकदाही पडलेले नाहीत. रक्तदाबाचा उतार काबूत. वासाच्या सरावाने लिंबू आणि लवंग ओळखू येतात. कॉफी नाही, पेट्रोल नाही.

सगळे नीट झाले असे मात्र नाही. मे महिन्याच्या उन्हात पंपात पेट्रोलची वाफ धरून गाडी बंद पडली, तेव्हा नानांनी एकट्याने बॉनेट उघडून पंपावर ओले फडके टाकले आणि नळीही सोडली. नियम मोडला. त्यांनी ते मला स्वतःहून सांगितले. रस्त्यावर, उन्हात, मागे भोंगे वाजत असताना नियम पाळणे किती कठीण आहे हे मला समजते. आता गाडी काढताना कुणीतरी सोबत असतेच.

ऑक्टोबरात पाचव्यांदा क्लच प्लेट बदलावी लागली. ते काम मिस्त्रीने केले. नाना स्टुलावर बसून एकेक बोल्टचा क्रम सांगत होते. गिअरबॉक्स खाली आला तेव्हा उठून आत गेले आणि अर्धा तास आले नाहीत. काकूंनी त्यांना तसेच राहू दिले. नंतर येऊन त्यांनी भिंतीवर पाचवी तारीख लिहिली, आणि पुढे मिस्त्रीचे नाव लिहिले.

मुलाने या काळात एकदाही विक्रीचा विषय काढला नाही. दिवाळीला आला तेव्हा त्याने दोन दिवस गॅरेजमध्ये काढले. त्याला पॉइंट सेट करता येत नाहीत हे नानांना तेव्हा प्रथमच नीट कळले, आणि त्याचे त्यांना वाईट वाटले. ‘मी कधी बोलावलंच नाही त्याला,’ ते मला म्हणाले. ‘लहान होता तेव्हा वाटायचं, हात काळे करेल, अभ्यास राहील.’

काय वेगळे करता आले असते

माझ्या बाजूने पहिली गोष्ट स्पष्ट आहे. वासाचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारायला हवा होता, आणि नुसता विचारून भागले नसते. ‘वास येतो का’ म्हटल्यावर नाना हो म्हणाले असते, आणि खरे समजून म्हणाले असते. डबे हुंगवायलाच हवे होते. आता माझ्या पिशवीत कॉफी, दालचिनी आणि साबणाच्या तीन डब्या कायम असतात. काकूंशी वेगळे बसून बोलणेही तेव्हा राहून गेले. करपलेले दूध आणि जीरावन त्यांच्याजवळ महिनोन्‌महिने पडून होते; कुणी विचारले असते तर फेब्रुवारीतच बाहेर आले असते.

खड्ड्याचा निर्णय आम्ही घाईने घेतला, आणि त्याचे कारण मला नंतर उमगले. तो सगळ्यांना आवडला होता. मुलगा-वडील त्यावर एक झाले, नाना आनंदले, मला आखणी करायला मिळाली. इतका गोड निर्णय असला की त्यात नवा धोका कोणता येतो हे विचारायला कुणी धजत नाही. जुना धोका गेला एवढेच आम्ही मोजले. वास चांगला असलेल्या माणसासाठीही घरच्या गॅरेजमध्ये खड्डा खणताना हवा खेळती राहील याची सोय आधी बघावी. मी पायऱ्यांची उंची आधी बघितली.

नळी वेळेत बदलली असती तर ही गळती झालीच नसती, असेही मुलगी एकदा म्हणाली. मला त्यात समाधान वाटत नाही. तसे झाले असते तर नाना खड्ड्यात उतरले असते.

सध्या घरात एक गोष्ट बाकी आहे. मोतीबिंदूच्या पहिल्या डोळ्याची तारीख ठरली आहे, दुसरा दीड महिन्याने. तेवढे दिवस वाकणे, वजन उचलणे, धूळ आणि पेट्रोल सगळे बंद. गाडी दर चार दिवसांनी सुरू केली नाही तर बॅटरी बसते. नातवाचे वय अजून परवान्याचे नाही, मुलीला स्टीअरिंगवरचा गिअर जमत नाही, आणि मिस्त्रीकडे किल्ली ठेवायला नाना अजून तयार नाहीत.